तोफेच्या टप्प्यातली गावे

चेन्नईतील सागरतीराच्या हमरस्त्याने दक्षिणेकडून उत्तरेस निघाले, की विश्वविद्यालयाचे सिनेट भवन आणि अर्काटच्या नबाबांचा चेपॉकचा राजवाडा मागे पडतात, कूम नदीच्या मुखावरचा नेपियर पूल लागतो, आणि तो उतरताच डाव्या हाताला एक बसका, लांबट, फारसा डोळ्यांत न भरणारा तट दिसू लागतो. हाच सेंट जॉर्जचा किल्ला. सह्याद्रीच्या दुर्गांवर ज्याची दृष्टी घडली आहे, अशा मराठी माणसाला हा किल्ला प्रथमदर्शनी किल्ला वाटतच नाही. कडा नाही, कातळ नाही, वाट चुकवून शत्रूला कोंडीत धरणारा गोमुखी दरवाजा नाही. सिंधुदुर्ग कुरट्याच्या खडकावर रोवलेला आहे आणि त्याच्या पायाशी आजही समुद्र आदळतो. हा मात्र सपाट वाळूवर बांधलेला असून त्याच्या पायाशी आता वाहनांची अखंड रीघ वाहते. एकेकाळी येथेही लाटा तटाच्या जवळपर्यंत येत असत. परंतु १८७५ नंतर उत्तरेला बंदराचे धक्के समुद्रात शिरले, दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्यांच्या आडोशाला साचू लागली, आणि पाहता पाहता समुद्र किल्ल्यापासून दूर गेला.

आत जाण्यापूर्वी पोलिसांची तपासणी होते, कारण तमिळनाडू राज्याचे सचिवालय आणि विधानसभा या तटबंदीच्या आतच आहेत, आणि काही भाग लष्कराकडे आहे. मी गेलो त्या दिवशी कचेरीची वेळ नुकतीच झाली होती. डबे आणि फायली सांभाळीत शेकडो कारकून त्याच दरवाज्याने आत चालले होते, आणि त्या प्रवाहाबरोबर मीही आत लोटला गेलो. ज्याला या किल्ल्याचा इतिहास जाणून घ्यायचा आहे त्याला याहून उचित प्रवेश मिळणे कठीण, कारण हा किल्ला जन्मला तोच मुळी वखार आणि कचेरी म्हणून. त्याला किल्लेपण आले ते पुढे, आणि तेही एकदा तो हातचा गेल्यानंतर.

१६३९ च्या ऑगस्टमध्ये विजयनगरच्या मोडकळीस आलेल्या राज्याचा या भागातील नायक दामर्ला वेंकटाद्री याने फ्रान्सिस डे नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला किनाऱ्यावरच्या एका वालुकामय पट्टीचा कौल दिला. तेथे बंदर नव्हते, खाडी नव्हती, गलबत नांगरायला आडोसा नव्हता. जहाजे दूर उभी राहत आणि माल उतरवायचा तो काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, फेसाळ लाटांच्या तडाख्यातून. तरीही डेने ती जागा पत्करली, कारण मागच्या गावांत उत्तम कापड स्वस्त मिळत होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, सेंट जॉर्ज या त्यांच्या संताच्या दिवसाच्या सुमारास, पहिले बांधकाम उभे राहिले आणि त्याचे नाव किल्ल्याला मिळाले. भोवती जी वस्ती वाढली तिला नायकाच्या पित्याच्या नावावरून चेन्नपट्टण म्हणू लागले. राजापुरात किंवा सुरतेत इंग्रजांची जशी वखार होती तशीच ही एक वखार. भेद इतकाच की येथे भोवती चार बुरूज होते.

किल्ल्यातले संग्रहालय ज्या इमारतीत आहे तीही लष्करी नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी एकत्र जमून जहाजांच्या बातम्या ऐकाव्यात, सौदे करावेत, रोखे फिरवावेत यासाठी ती उभारली गेली. १७९६ मध्ये तिच्याच गच्चीवर मद्रासचे पहिले दीपगृह पेटले. पुढे अधिकाऱ्यांचे भोजनगृह तेथे आले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या प्रारंभी हे संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. आज ते पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहे. खालच्या दालनात शिरताच तलवारी, संगिनी, ठासणीच्या बंदुका, पिस्तुले, उखळी तोफा, तोफगोळे, पलटणींची निशाणे, पदके आणि गणवेश यांची मांडणी दिसते. वरच्या मजल्यावरील विस्तीर्ण दालनात राजांच्या, राण्यांच्या, गव्हर्नरांच्या आणि नबाबांच्या पुरुषभर उंचीच्या तसबिरी आहेत. आणखी वर नाणी, चित्रे, चिनी मातीची भांडी.

या सर्व वस्तूंपैकी तीन माझ्या मनात ठसल्या. पहिली, एक लाकडी पिंजरा. मद्रास तोफखान्याचा कॅप्टन अँस्ट्रदर हा १८४० मध्ये अफूच्या पहिल्या युद्धात चीनच्या किनाऱ्यावर पकडला गेला आणि त्याला ज्या पिंजऱ्यात कोंडून ठेवले होते तो हा पिंजरा. मोठ्या देहाचा माणूस त्यात कसा मावला असेल, त्याने पाय कोठे ठेवले असतील, या विचाराने अंगावर काटा येतो. आणि लगेच दुसरा विचार येतो तो असा, की तो मद्रासचा तोफखाना अफूच्या व्यापारासाठी चीनपर्यंत गेला होता, आणि त्याच मोहिमेवर गेलेल्या तमिळ, तेलुगू शिपायांच्या यातनांची एकही वस्तू कोणी मागे जपून ठेवली नाही. दुसरी वस्तू, तोफगोळ्याचा एक तुकडा. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन नावाच्या जर्मन युद्धनौकेने अंधारातून येऊन मद्रासवर शंभराहून अधिक गोळे टाकले, तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि ती निघून गेली. त्या रात्रीची दहशत इतकी खोल गेली की तमिळ बोलीत धाडसी आणि बिलंदर माणसाला अजूनही एम्डेन म्हणतात. तिसरी वस्तू म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे याच किल्ल्याच्या ध्वजस्तंभावर चढवलेला तिरंगा. रेशमाचा, विटलेला, काचेआड जपलेला. त्यापुढे उभे असताना कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

परंतु ज्यासाठी हा लेख लिहीत आहे ती गोष्ट या तीनही वस्तूंत नाही. ती खालच्या दालनातील गणवेशांच्या रांगेपुढे उभे राहिल्यावर हळूहळू उलगडत गेली. लाल डगले, पितळी बिल्ले, मद्रासच्या पलटणींची निशाणे हे सर्व पाहताना मनात प्रश्न आला, की व्यापाऱ्यांच्या या वखारीत फौज आली कोठून आणि केव्हा? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले, की वाट या किल्ल्यातून निघून दक्षिणेकडे, कडलूरजवळच्या देवनापट्टणच्या वाळूत, आणि तेथून जिंजीच्या डोंगरावर, छत्रपती राजारामांच्या दरबारात जाऊन पोचते.

या किल्ल्याशी मराठ्यांचा पहिला संबंध आला तो थोरल्या शिवाजी महाराजांच्या कर्नाटक स्वारीत. १६७७ मध्ये भागानगरच्या कुतुबशहाशी तह करून महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, वेलोरला वेढा घातला. आणि त्याच धामधुमीत मद्रासच्या इंग्रज गव्हर्नराकडे त्यांचा माणूस पत्र घेऊन आला. मागणी होती ती पौष्टिक औषधांची आणि विषावरच्या उताऱ्यांची. लँगहॉर्न हा तेव्हाचा गव्हर्नर. त्याने वस्तू पाठवल्या आणि त्यांचे मोल घेतले नाही, कारण सुरतेची आठवण ताजी होती आणि एवढ्या बलाढ्य शेजाऱ्याकडून औषधांचे पैसे मागण्यात शहाणपण नव्हते. काही महिन्यांनी पुन्हा पत्र आले. या वेळी महाराजांना हवे होते तोफा आणि सुरुंगांच्या कामातले जाणते इंग्रज कारागीर. ते मात्र इंग्रजांनी नम्र शब्दांत नाकारले. ही दुसरी मागणी मला फार महत्त्वाची वाटते. त्या वाळूवरच्या वखारीत घेण्याजोगे काय आहे हे महाराजांनी नेमके ओळखले होते. तिजोरी त्यांनी मागितली नाही, विद्या मागितली. आजही जुन्या चेन्नईत तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबा मंदिरात महाराज दर्शनाला आले होते अशी परंपरा सांगतात आणि भाविक ती श्रद्धेने ऐकतात.

त्यानंतर बारा वर्षांनी काळ पालटलेला होता. संभाजीराजांचा वध झाला होता, रायगड पडला होता, आणि राजाराम महाराज वेषांतर करून, नद्या पोहून, जिंजीला येऊन पोचले होते. मोगलांचा सेनापती जुल्फिकारखान पाठोपाठ आला आणि वेढा पडला. राज्य होते, पण त्याची जमाबंदी शत्रूच्या हातात गेलेली. मावळे होते, पण शिबंदीला द्यायला रोकड नव्हती. अशा वेळी १६९० मध्ये जिंजीच्या दरबाराने देवनापट्टणचा समुद्रकाठचा लहानसा कोट इंग्रजांना विकला. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल होता, ज्याचे नाव पुढे अमेरिकेतील एका विद्यापीठाला मिळाले. खरेदीत कोटाबरोबर भोवतालची जमीनही होती, आणि तिची हद्द ठरवण्याची रीत अशी, की कोटावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाईल तेथवरची गावे विकत घेणाऱ्याची. येलने या कामासाठी मुद्दाम मद्रासहून उत्तम तोफ पाठवली. गोलंदाजाने आपले कसब पणाला लावून गोळा जितका दूर टाकता येईल तितका टाकला. चोहो दिशांना गोळे पडले आणि कडलूर शहरासकट आसपासची गावे इंग्रजांची झाली. त्या गावांना तमिळ लोक ‘गुंडू ग्रामम्’ म्हणजे गोळ्याची गावे म्हणू लागले. कोटाचे नाव इंग्रजांनी सेंट डेव्हिड ठेवले.

या व्यवहाराबद्दल राजाराम महाराजांना दोष देण्याची माझी इच्छा नाही, आणि तसा अधिकारही नाही. घरास आग लागली असता दागिना मोडून पाणी आणणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. जिंजी जवळजवळ आठ वर्षे लढली, औरंगजेबाची फौज आणि खजिना दक्षिणेत अडकवून ठेवला, आणि १६९८ मध्ये ती पडली तेव्हा महाराज आधीच निसटून विशाळगडाकडे निघाले होते. स्वराज्य वाचले. जो कोट विकला तो त्या वेळी क्षुल्लक होता. तरीही क्षुल्लक गोष्टींचा हिशेब काळ आपल्या वहीत कसा मांडतो हे पाहायचे असेल तर पुढची छप्पन्न वर्षे ओलांडून १७४६ मध्ये यावे लागते.

मध्यंतरी एक प्रसंग घडला, तो येथे सांगणे अगत्याचे आहे. शाहू महाराजांच्या आज्ञेने रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले कर्नाटकात आले. १७४० च्या मेमध्ये दामलचेरीच्या खिंडीत त्यांनी अर्काटचा नबाब दोस्तअली यास ठार केले आणि पुढच्या मार्चमध्ये त्रिचनापल्ली घेऊन नबाबाचा जावई चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याला पाठवले. विजय मोठा होता. परंतु त्या धावपळीत नबाबाच्या आणि चंदासाहेबाच्या घरच्या बायकामुलांनी जडजवाहीर घेऊन आश्रय घेतला तो पाँडिचेरीच्या फ्रेंच तटाआड. रघूजींनी त्यांची मागणी केली, खंडणी मागितली, आणि फ्रेंच गव्हर्नर द्यूमाने दोन्ही गोष्टी साफ नाकारल्या. मराठे पाँडिचेरीवर वेढा न घालता परतले. त्या दिवसापासून कर्नाटकातील प्रत्येक सरदाराला, सावकाराला आणि विधवेला कळून चुकले की संकटकाळी डोंगरी किल्ल्यापेक्षा टोपीवाल्यांची समुद्रकाठची भिंत अधिक भरवशाची आहे. मराठ्यांच्या घोड्यांच्या टापांनी युरोपियांच्या तटांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती त्यांच्या स्वतःच्या तोफांनी तोवर कधी मिळवून दिली नव्हती.

आणि तरी सेंट जॉर्जचा किल्ला प्रत्यक्षात दुबळाच होता. १७४६ च्या सप्टेंबरमध्ये ला बूर्दोने या फ्रेंच नौसेनानीने तोफा उतरवल्या, काही दिवस गोळाबारी केली, आणि किल्ला शरण आला. आतील गोऱ्या शिपायांची संख्या जेमतेम दोन-तीनशे, तोफखान्यात जाणते गोलंदाज मोजके. पुढच्याच महिन्यात नबाबाचा पुत्र महफूजखान सुमारे दहा हजारांची फौज घेऊन मद्रास सोडवायला आला, आणि अड्यार नदीच्या काठी पाराडी नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील हजारभर कवायती शिपायांनी, ज्यांत बहुसंख्य हिंदी होते, पाण्यातून चालून जात त्या फौजेला उधळून लावले. हिंदुस्थानच्या इतिहासात या लहानशा लढाईचे स्थान पानिपताच्या जवळपास आहे असे मी मानतो. घोडदळाचा दिवस मावळला तो त्या नदीकाठी. पण ती वार्ता पुण्यात आणि साताऱ्यात कोणी गांभीर्याने ऐकली असे दिसत नाही.

मद्रास गेल्यावर इंग्रज कोठे गेले? देवनापट्टणला. राजाराम महाराजांच्या दरबाराने विकलेल्या त्याच कोटात. मद्रासहून वेष पालटून निसटलेल्या तरुणांत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा एक कारकून होता; त्याने लेखणी ठेवून तलवार धरली ती तेथे. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याने त्या कोटावर पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि ते फसले. १७४८ च्या प्रारंभी स्ट्रिंजर लॉरेन्स तेथे उतरला आणि विस्कळीत शिपायांच्या टोळ्यांना त्याने कंपन्यांत बांधले, कवायत लावली, अधिकाऱ्यांची उतरंड घालून दिली. इंग्रज लेखक त्याला हिंदी सैन्याचा जनक म्हणतात. १७४९ मध्ये युरोपातील तहान्वये मद्रास परत मिळाले, तरी कारभाराचे मुख्य ठाणे १७५२ पर्यंत सेंट डेव्हिडलाच राहिले. तोफविद्येचे गणित ज्याने नव्याने मांडले तो बेंजामिन रॉबिन्स मद्रासची तटबंदी सुधारण्यासाठी कंपनीने मुद्दाम पाठवला, आणि तोही १७५१ मध्ये त्याच कोटात निवर्तला. महाराजांनी १६७७ मध्ये जी विद्या मागितली होती ती आता तेथे आपल्या पायांनी चालत आली होती. परंतु कोटावरचे निशाण बदललेले होते.

संग्रहालयातील गणवेशांपुढे उभे असताना मला जे कळले ते हेच. या निशाणांचा, या पदकांचा, या लाल डगल्यांचा उगम सेंट जॉर्जच्या किल्ल्यात नाही. तो त्या कोटात आहे जो आम्ही अडचणीत सापडून विकला आणि अडचण संपल्यावर ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहिले नाही. माझी तक्रार विक्रीबद्दल नाही, या न पाहण्याबद्दल आहे. १७४१ मध्ये रघूजींची फौज त्या किनाऱ्यावर होती, त्रिचनापल्लीत मुराराव घोरपडे ठाणे देऊन बसले होते, आणि देवनापट्टणचा कोट तेथून चार-पाच मजलांवर होता. चौथाईच्या हिशेबात त्याची नोंद घेण्याइतका तो मोठा नव्हता.

पुढचा भाग परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात सापडलेल्या क्लाइव्हच्या मदतीला मुरारावांचे मराठे स्वार निघाले, आणि त्यांच्या येण्याच्या वार्तेने वेढा घालणाऱ्यांची घाई उडाली. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला, परंतु तोवर तट नव्याने बांधला गेला होता आणि आत लॉरेन्स होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजी जहाजे क्षितिजावर दिसताच लालीने वेढा उठवला. ज्या वाळूवरच्या तटाकडे पाहून मी आरंभी निराश झालो तो तट हा, एकदा हरून मग शिकलेला.

संग्रहालयाच्या जिन्याजवळ कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा आहे. थॉमस बँक्स या शिल्पकाराने तो घडवला, आणि त्याच्या बैठकीवर टिपूचे दोन पुत्र ओलीस म्हणून सोपवले जात असल्याचे दृश्य कोरलेले आहे. ते दृश्य १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या छावणीतील. त्याआधीच्या वर्षी मे महिन्यात हाच कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपुढून माघारी वळला होता. बैल मेले होते, धान्य संपले होते, वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या होत्या अशी अवस्था होती, आणि त्या वाटेवर अकस्मात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य, कापड, मसाले, सराफ, सर्व काही होते. उपाशी इंग्रजी फौज त्या बाजारावर जगली. त्या शिल्पात हरिपंत नाहीत, परशुरामभाऊ नाहीत, तो बाजार तर नाहीच. शिल्पकाराला दोष कसा द्यावा? विजेत्याचा पुतळा विजेत्याच्या पैशाने उभा राहतो. त्यानंतर अकराच वर्षांनी आर्थर वेलस्लीने मद्रासच्या पलटणी घेऊन असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफा काबीज केल्या. त्याचे राहते घर याच तटबंदीच्या आत होते.

किल्ल्यातून बाहेर पडताना पुन्हा ते कारकून दिसले, आणि एक गोष्ट आठवली जिने मनाला किंचित दिलासा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रास इलाख्याच्या तेलुगू आणि तमिळ जिल्ह्यांतील अनेक कचेऱ्यांत जमाबंदीचे हिशेब मराठीत, मोडी अक्षरात ठेवले जात, आणि हुजूर कचेरीतील सरिश्तेदार बहुधा देशस्थ असे. कुंभकोणात १८२८ साली जन्मलेले, पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव मद्रासलाच शिकले. मराठी तलवार या तटाच्या आत कधी गेली नाही. मराठी लेखणी मात्र त्याच्या कारभारात अनेक पिढ्या वावरली, आणि तिची मोडी दफ्तरे वाचणारे हात आज फार थोडे उरले आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी पुण्या-साताऱ्याच्या रुमालांबरोबर दक्षिणेतल्या या रुमालांकडेही वळावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि जो वाचक चेन्नईला जाईल त्याने संग्रहालय पाहून झाल्यावर आणखी एक दिवस काढावा, पाँडिचेरीच्या रस्त्याने कडलूरला उतरावे आणि गडिलम नदी समुद्राला मिळते त्या देवनापट्टणच्या किनाऱ्यावर उभे राहावे. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. १७५८ च्या जूनमध्ये लालीने तो कोट जिंकला आणि पाडून टाकला. काही भग्न अवशेष आणि गोळ्याच्या गावांची ती कथा, एवढेच मागे उरले आहे.